शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट लागतं का, आणि करूनही गाडी पुन्हा का ओढते?

पुढचे शॉकअप नवे टाकले, खड्ड्यातली धडधड गेली, गाडी छान बसली. पण स्टेअरिंग किंचित वळवून धरलं तरच गाडी सरळ जाते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून आणलं, काही दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पावसाळा सरत आला की ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या रॅम्पवर ही तक्रार रोजचीच होते. घोडबंदर रोडचे असतात, मुंब्रा बायपास आणि शीळफाट्यावरून येणारे असतात, ऐरोली-घणसोलीकडूनही गाड्या येतात. प्रत्येकाला कुणीतरी आधीच दोनपैकी एक गोष्ट सांगून ठेवलेली असते. "शॉकअपचा आणि अलाइनमेंटचा काही संबंध नाही," नाहीतर "खालचं काहीही उघडलं की अलाइनमेंट करायचंच." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि त्यापायी चांगले टायर फुकट जातात.

थोडक्यात उत्तर असं. पुढच्या चाकांना स्ट्रट (चाकाचं वरचं टोकही धरून ठेवणारा शॉकअप) असेल आणि तो बदलला, तर अलाइनमेंट करायचंच, त्यात सवलत नाही. मागे बीम अ‍ॅक्सल (दोन्ही मागची चाकं धरणारा एकच आडवा दांडा) असेल आणि नुसते शॉकअप बदलले, तर गरज नाही. पुढे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्म म्हणजे दांड्यांनी धरलेलं) असेल तर शॉकअपपुरती गरज पडत नाही, मात्र काम करताना मेकॅनिकने नेमकं काय काय ढिलं केलं यावर ते ठरतं. आणि केलेलं अलाइनमेंट टिकत नसेल, तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. जे खिळखिळं झालंय ते तसंच ठेवून आकडे जुळवलेले असतात.

गाडीखाली काय आहे ते आधी बघा

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी आवरतो. खड्ड्यातून चाक वर आलं की स्प्रिंग झुलत राहायला बघते आणि शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून जाताना ते झुलणं जिरवतं. एवढंच त्याचं काम असतं तर तो बदलल्याने चाकाचा कोन हलायचं काही कारण नव्हतं. मागच्या चाकांच्या बाबतीत बहुतेक गाड्यांत हे खरंच आहे. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी अशा गाड्यांना मागे बीम असतो. चाक त्या बीमला धरलेलं, शॉकअप बाजूला वेगळा, वर एक बोल्ट आणि खाली एक. तो काढून दुसरा लावला तरी चाक होतं तिथेच राहतं. शिवाय तिथे फिरवून जुळवण्यासारखं काही दिलेलंच नसतं. त्यामुळे "मागचे शॉकअप बदलले, आता अलाइनमेंटचे पैसे द्या" असं कुणी म्हटलं तर का ते जरूर विचारा.

पुढची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, सेदान आणि छोट्या एसयूव्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने ही रचना बसवली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून ती रूढ झाली. जागा कमी लागते, भाग कमी, खर्च कमी, म्हणून आज वॅगन-आर, टियागो, नेक्सॉन, क्रेटा, सिटी या सगळ्यांच्या पुढे तीच आहे. यात वरचा आर्म नसतो. चाकाचं वरचं टोक धरून ठेवायचं काम स्ट्रटच करतो. दाराची चौकट तिरकी बसली तर दार कितीही चांगलं असो, ते जमिनीला घासणारच. इथे चौकट म्हणजे स्ट्रट.

त्यामुळे पुढचा स्ट्रट उतरवणं म्हणजे चाकाचा आधारच सोडणं. तो पुन्हा नेमका होता तसाच बसेल अशी आशा धरायला काही आधार नाही, आणि का नाही ते पुढे सांगतो.

डबल विशबोनच्या गाड्यांत वर एक आर्म आणि खाली एक, चाक या दोघांनी धरलेलं. शॉकअप मधून जातो, पण चाकाचा कोन तो ठरवत नाही. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांना पुढे अशी रचना आहे. मात्र इनोव्हा हायक्रॉसला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. चाक पूर्ण वळवून टॉर्च मारा. शॉकअपची नळी खाली थेट चाकाच्या हबमागच्या लोखंडी तुकड्याला, गॅरेजच्या भाषेत नकलला, दोन जाड बोल्टांनी आवळलेली दिसली, किंवा नकलमध्येच खोचून बसलेली दिसली, तर तो स्ट्रट आहे.

क्रिस्टा-फॉर्च्युनरवाल्यांसाठी एक सावधगिरी. खालच्या आर्मच्या बोल्टांवर विकेंद्री (भोक मधोमध नसलेल्या) चकत्या असतात, कॅम्बर (पुढून दिसणारा चाकाचा कल) आणि कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल) त्यांनीच जुळवतात. शॉकअप सहज निघावा म्हणून कुणी ते बोल्ट ढिले केले, तर शॉकअप कारण नसला तरी अलाइनमेंट गेलंच. बोल्टाच्या डोक्यावर ताजे पान्याचे ओरखडे आहेत का ते बघा, लगेच कळतं.

त्या दोन बोल्टांपाशी काय होतं

नकलची वरची बाजू स्ट्रटच्या कानात दोन बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट आत जावा म्हणून भोक बोल्टापेक्षा केसभर मोठं असतं. दोन बोल्टांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटर धरा. वरचा बोल्ट भोकात फक्त अर्धा मिलिमीटर आत-बाहेर बसला, तर चाक जवळजवळ अर्ध्या अंशाने कलतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे पाच-सहा कागदांची जाडी. नवीन स्ट्रटच्या कानाची भोकं जुन्याशी तंतोतंत जुळतील असं नाही, उजवा आणि डावा एकमेकांशी जुळतील असंही नाही. जुन्या बोल्टाच्या जागी रंगाची खूण करून पुन्हा तिथेच आवळण्याची पद्धत चांगली आहे आणि मेकॅनिकने ती जरूर वापरावी. पण ती खूण जुन्या स्ट्रटच्या हिशोबाची असते. तिच्या भरवशावर अलाइनमेंट टाळू नये.

पुढून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर कललेलं दिसतं तो कॅम्बर. वरून बघितल्यावर दोन्ही चाकांची पुढची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून लांब वळलेली असतात तो टो. स्ट्रट बदलताना थेट हलतो तो कॅम्बर, पण त्याच्याबरोबर टो सुद्धा हलतो. नकल कलली की तिच्याबरोबर स्टेअरिंगचा टाय रॉड जोडलेला कानही सरकू बघतो. टाय रॉडची लांबी मात्र ठरलेली असते, तो जागा सोडत नाही. मग चाकच थोडं वळतं. टायर सगळ्यात जास्त खातो तो हाच वळलेपणा. चाक प्रवासाच्या दिशेशी फक्त ०.२ अंश तिरकं राहिलं, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवं घासलं जातं. ठाणे ते बेलापूर रोज येऊन-जाऊन करणाऱ्याने महिन्याकाठी किती होतं याचा हिशोब करून बघावा.

बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीने फिरवून जुळवायला फक्त टो दिलेला असतो. कॅम्बर जुळवायची वेगळी सोय नसते. म्हणून पुष्कळ ठिकाणी टो स्क्रीनवर हिरवा, म्हणजे मर्यादेत, केला की गाडी खाली उतरवतात आणि कॅम्बरचा लाल आकडा दाखवून "याला ॲडजस्टमेंट नाही साहेब" म्हणतात. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. पण स्ट्रट नुकताच बदललेला असेल, तर त्या दोन बोल्टांतली ढील हीच ॲडजस्टमेंट आहे.

कासारवडवलीहून एक ताई त्यांची हॅचबॅक घेऊन आल्या होत्या. पुढचे दोन्ही स्ट्रट दुसरीकडे बदललेले, त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करून झालेलं, तरी गाडी डावीकडे जायची. "दादा, दर वेळी कागदावर सगळं हिरवं असतं, मग माझा हात का दुखतो?" कागद बघितला तर टो खरंच हिरवा होता. कॅम्बर डावीकडे उणे (म्हणजे चाक वरून आत कललेलं) ० अंश १५ मिनिटं, उजवीकडे उणे १ अंश. दोन्ही आकडे वेगवेगळे घेतले तर चालण्यासारखे, म्हणून मशीनने हिरवे दाखवलेले. पण दोघांतला फरक ४५ मिनिटांचा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, म्हणजे चाक जास्त उभं, त्या बाजूला गाडी ओढते. इथे ती बाजू डावी. दोन्हीकडचे बोल्ट ढिले केले, डावं चाक वरून आत दाबून आणि उजवं बाहेर ओढून पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळलं. फरक दहा मिनिटांच्या आत आला. त्यानंतर टो नव्याने जुळवला. त्या गाडीला नवा पार्ट एकही लागला नाही.

आकडे वाचताना इथे एक जण हमखास फसतो. बरीच मशीनं अंश आणि मिनिटं दाखवतात आणि एका अंशात ६० मिनिटं असतात. ०°३०' म्हणजे अर्धा अंश, ०.३ अंश नव्हे. डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवायचा ही सर्वसाधारण रीत आहे. जितका कमी तितकं चांगलं.

स्टेअरिंग वाकडं आहे की गाडी ओढते?

या दोन तक्रारी लोक एकच समजून सांगतात आणि मेकॅनिकही एकच समजून काम करतो. आधी त्या वेगळ्या करा, निम्मं निदान तिथेच होतं.

गाडी सरळ जाते पण स्टेअरिंगचा मधला भाग एका बाजूला कललेला आहे, तर तो टोचा मामला. पुढच्या चाकांचा टो बिघडला तरी चालताना दोन्ही चाकं आपसात वाटणी करून घेतात, गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंग वाकडं दिसतं. यात एक नेहमीचं कारण बघा: टाय रॉडचा एका बाजूचा चेकनट (लांबी पक्की धरणारा नट) पावसाने गंजून जाम झालेला असतो. मग ऑपरेटर सगळी भरपाई दुसऱ्याच बाजूने करून मोकळा होतो. एकूण टो बरोबर येतो, स्क्रीन हिरवी होते, स्टेअरिंग मात्र वाकडंच. जाम नट सोडवायला गंज सोडवणारं तेल आणि थोडा धीर लागतो. तो दाखवायला सांगायचा आपल्याला हक्क आहे. मागचा बीम एखाद्या मोठ्या धक्क्याने तिरका झाला असेल तरीही स्टेअरिंग वाकडं राहतं. म्हणून मशीनवर चारही चाकांची मापं घ्यायला लावा, फक्त पुढच्या दोनची नको.

उलट, स्टेअरिंग सरळ आहे पण हात सैल सोडला की गाडी बाजूला जाते, तर टोला दोष देऊन उपयोग नाही. तिथे कॅम्बर किंवा कॅस्टरमधला डावा-उजवा फरक, टायर किंवा ब्रेक बघायचा. दोन्ही टायरमधली हवा आधी सारखी करा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे आपसात बदला, टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तर. ओढणं दुसऱ्या बाजूला गेलं, तर टायरच दोषी. ब्रेक घासत असेल तर थोडं चालवून थांबल्यावर त्या बाजूची रिम दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापलेली असते. हात जवळ नेला तरी कळतं, लावू नका.

रस्त्याचंही लक्षात ठेवा. पाणी निघून जावं म्हणून रस्ता बहुतेक ठिकाणी डावीकडे उतरता असतो, त्यामुळे अगदी ठीकठाक गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर चाचणी घेऊन काही कळणार नाही. सपाट आणि सरळ तुकडा हवा, पहाटेची रिकामी वेळ हवी, आणि हात स्टेअरिंगपासून बोटभर अंतरावरच हवेत. ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं ही तर तिसरीच गोष्ट, ती बॅलन्सिंगची. तिच्यासाठी अलाइनमेंट करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

करूनही पुन्हा का बिघडतं

अलाइनमेंटचं मशीन चाकाचा कोन उभ्या गाडीवर मोजतं. गाडी चालताना, ब्रेक मारताना, खड्ड्यात आदळताना तो कोन तिथेच राहील याची हमी बुश (जोडांतली रबरं), बॉल जॉइंट (वाटीत गोळी फिरते तो सांधा) आणि टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) देतात. यातलं काही ढिलं असेल तर रॅम्पवर जुळवलेला आकडा रॅम्पवरच राहतो. आमच्याकडे परत परत येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात वरचा नंबर लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशचा असतो. रबर फाटलं की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, सोडल्यावर पुढे येतं. गाडी जॅकवर उचलून आर्म आणि बॉडीच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलवला की ती ढील डोळ्यांना दिसते. टाय रॉड एंडसाठी चाक तीन आणि नऊच्या ठिकाणी धरून हलवा. बॉल जॉइंटसाठी बारा आणि सहाच्या ठिकाणी. हाताला "टक" लागली तर ती आधी दुरुस्त करायची, मशीन नंतर लावायचं. या क्रमात बदल नाही.

दुसरं कारण, वरचं माउंटिंग, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग. स्ट्रट बदलताना काही लोक पैसे वाचवायला जुनंच माउंटिंग आणि जुनंच बेअरिंग परत लावतात. स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगसकट स्ट्रट त्या बेअरिंगवर फिरतो. ते जाम असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि चाकाला मागे ढकलते. याची ओळख फार नेमकी आहे. तीन हात नाक्याला उजवीकडे वळलात तर पुढे बराच वेळ गाडी उजवीकडे ओढते, मग डावीकडे वळलात की डावीकडे ओढायला लागते. ओढण्याची बाजू शेवटच्या वळणाप्रमाणे बदलते. अशा गाडीचं अलाइनमेंट कितीही वेळा करा, दर वेळी आकडे निराळे येतील. गाडी उभी असताना बोनेट उघडून एकाने स्टेअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने माउंटिंगवर अलगद हात ठेवावा. "टण्" असा झटका बोटांना लागला तर बेअरिंग बदलायचं. स्ट्रट उघडलेला असतानाच हे केलं तर मजुरी एकदाच पडते. माझं स्पष्ट मत आहे की माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा) आणि धूळ अडवणारं रबर हे स्ट्रटबरोबर बदलायचंच सामान आहे. ते नको म्हणायचं असेल तर स्ट्रट बदलण्यात फार अर्थ नाही. काही गाड्यांत माउंटिंगवर बाण किंवा डाव्या-उजव्याची खूण असते. ते उलटं बसलं तर कोन चुकतोच.

स्प्रिंग बसलेली असणं हेही एक कारण. चारही मडगार्डच्या कमानी जमिनीपासून मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर त्या बाजूचा कॅम्बर वेगळा असणार. नवा शॉकअप गाडीची उंची परत आणत नाही, कारण वजन पेलणारी स्प्रिंग जुनीच आहे. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने बदला, डावा-उजवा मिळून. एकाच बाजूचा नवा टाकून दुसरा पुढच्या पगारावर ढकलणं महागात पडतं.

मोठ्या खड्ड्यात आदळलेल्या गाडीत काहीतरी वाकलेलं असू शकतं. गायमुख घाटात भर पावसात पाण्याने झाकलेल्या खड्ड्यात चाक गेलं, तर लोअर आर्म, स्ट्रट, नकल किंवा रिम यातलं काहीही वाकू शकतं. कॅम्बर एका बाजूला एक अंशाहून जास्त बिघडलेला असेल आणि बोल्टांच्या ढिलाईतही तो परत येत नसेल, तर मशीनवर एसएआय (चाक वळतं त्या अक्षाचा पुढून दिसणारा कल) मोजून घ्या. एसएआय बरोबर पण कॅम्बर चुकलेला असेल तर स्ट्रट किंवा नकल वाकलेली असण्याचा संशय धरायचा. आणि एका बाजूला कॅम्बर जितका धन झालाय तितकाच दुसऱ्या बाजूला ऋण झाला असेल, तर पार्ट वाकलेला नसून खालची क्रॉस मेंबरच (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती आडवी चौकट) बाजूला सरकलेली असते. क्लचचं काम करताना ती उतरवून परत लावली असेल तर हे हमखास तपासा. ती जागेवर आणली की दोन्ही बाजू आपोआप जुळतात.

कामाचा क्रम, आणि कधी करायचं

स्ट्रट उघडणं घरी करण्यासारखं काम नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर नीट नसलेल्या गॅरेजमध्येही ते करू देऊ नका. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बसलंय ना, हे गाडीत चढवण्याआधी बघून घ्या. लोअर आर्मचे बोल्ट सोडले असतील तर ते पूर्ण आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. गाडी हवेत लोंबकळत असताना आवळले की रबर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी थोडी उंच उभी राहते, आणि काही दिवसांनी बुश फाटतं. अलाइनमेंट टिकत नाही त्याचं हेही एक छुपं कारण आहे.

मग हवा, मग अलाइनमेंट. रॅम्पवर चाकांखालच्या फिरत्या चकत्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. गाडी पुढे-मागे ढकलून मशीनने रिमचा वाकडेपणा वजा केलेला हवा, आणि टो जुळवण्याआधी स्टेअरिंग सरळ करून कुलूप लावलेलं हवं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. आधीचा कागद नसेल तर काय बिघडलं होतं ते पुढे कुणालाच कळणार नाही.

नुसता स्ट्रट बदलला असेल तर थांबायचं कारण नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करा. नव्या स्प्रिंग किंवा नवे बुश टाकले असतील तर ते थोडे बसू द्यावेत. काही दिवस शहरात चालवून मग करा. पण स्टेअरिंग फारच वाकडं झालं असेल तर तोवरसुद्धा टायर खाऊ देऊ नका, तात्पुरता टो लगेच जुळवून घ्या.

गणपतीच्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागते. शॉकअप बदलून दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणात निघायचं असतं आणि "अलाइनमेंट आल्यावर बघू" असं ठरलेलं असतं. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव आणि पुढे गाव गाठून परत यायचं म्हणजे शेकडो किलोमीटर झाले. टो चुकलेला असेल तर नव्या टायरच्या कडेला एवढ्या प्रवासात दातेरी घास पडलेला हाताला जाणवतो. काही शे रुपयांच्या कामासाठी हजारांचे टायर पणाला लावू नका. जाण्याआधी करा. परतल्यावर फक्त तपासून घ्या, आकडे जागेवर असतील तर कुणी काही फिरवायची गरज नाही.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आणि ईएसपी (गाडीची घसरण आवरणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो. तो चुकीच्या शून्यावर राहिला तर मोटर स्वतःच किंचित एका बाजूला जोर लावते आणि मेकॅनिक खाली पार्ट शोधत बसतो. काचेवर कॅमेरा लावून लेन ओळखणाऱ्या नव्या गाड्यांत कंपनीच्या पुस्तकात कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन सांगितलंय का तेही बघून घ्या.

आता ज्यांचे टायर आधीच खाल्ले गेलेत त्यांच्यासाठी. अलाइनमेंट नंतर कितीही अचूक झालं तरी पडलेला घास भरून येत नाही. टायरवर हाताचा तळवा एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने टोचणारं लागलं, तर तो टो चुकल्याचा घास. फक्त आतली किंवा बाहेरची कड सपाट झाली असेल तर कॅम्बरचा. ठिकठिकाणी खोलगट चट्टे असतील तर ते जुन्या, थकलेल्या शॉकअपचं काम, चाक रस्त्यावर उड्या मारत चालत होतं. असे टायर नवीन स्ट्रट आणि बरोबर अलाइनमेंटवरही गुणगुणतात, तो आवाज चाकाच्या बेअरिंगचा वाटतो आणि लोक विनाकारण बेअरिंग बदलून बसतात. धागा अजून दिसत नसेल आणि खोली कायद्याला लागते त्याहून बरीच जास्त असेल, तर ते टायर मागच्या चाकांना लावा, बॅलन्सिंग करा आणि काही दिवस आवाज ऐका. आवाज पुढून मागे गेला, तर तो टायरचाच होता.